मागून येणारा हात

पहिल्याच दिवशी बंडीनं संयोगिताच्या बरगडीत असा गुद्दा हाणला, की ती खुर्चीसकट आडवी झाली. वर्गातली बाकीची सात जणं जागची हलली नाहीत. हलणार कशी? प्रत्येकाच्या अंगात तसलीच बंडी होती आणि पुढचा नंबर कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ऊठ," डाबरे मॅडम म्हणाल्या. "तुझ्या उजव्या बरगडीखाली आत्ता एकशे ऐंशी माणसं मेली. ऊठ आणि पुन्हा बस."

संयोगिता खोत उठली. वारणाकाठची पोरगी, वय सव्वीस, खांदे असे की दारातून जरा तिरकं व्हावं लागे. तीन वर्षं राज्याच्या संघातून कुस्ती खेळली, मग गुडघा गेला. तिचे वडीलच तिचे वस्ताद. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे, तीही आप्पाच म्हणे. "गुडघा गेला म्हनून काय झालं, डोकं हाय की जाग्यावर," असं म्हणून त्यांनीच तिला फिजिक्सची पदवी पुरी करायला लावली. मग एक दिवस जाहिरात आली: विमान-नियंत्रक पाहिजेत, विज्ञान पदवीधर, कुस्ती, ज्यूदो किंवा कबड्डी राज्यपातळीवर खेळलेल्यांना प्राधान्य. आप्पांना वाटलं, कुणीतरी टवाळानं छापलंय.

टवाळी नव्हती. पण हे बंडीचं प्रकरण आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही.

त्या सुमारास आभाळात जत्रा भरली होती. मोठी विमानं होतीच, त्यांच्यात माल वाहणारी ड्रोन घुसली, हवाई टॅक्स्या घुसल्या. नियंत्रकाचं काम तसं एका वाक्यात सांगता येतं: कुठल्याही दोन विमानांत आडवं पाच मैल किंवा उभं हजार फूट अंतर ठेवायचं. रोजचं हे काम संगणक करायचा. पण संगणक अडला, तर माणसानं काही सेकंदांत सगळं हाती घ्यायचं असा कायदा होता. आणि पडद्यावरचे दीडशे ठिपके वाचून होईपर्यंत व्हायचं ते होऊन जाई. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की डोळ्यांना कशाला राबवायचं? पाठीवर माशी बसली तर कुठं बसली हे आपल्याला बघावं लागत नाही. चामडी सांगते, आणि लगेच सांगते.

म्हणून ही बंडी. आतून बाराशे बारीक दट्ट्ये. घालणाऱ्यानं पश्चिमेला तोंड करून बसायचं. पोट पश्चिम, पाठ पूर्व, उजवी बरगडी उत्तर, डावी दक्षिण. प्रत्येक विमान म्हणजे अंगावरून सरकणारा एक दाब. खालून उडणारं कोमट लागे, वरून उडणारं गार. दोन विमानं जवळ येऊ लागली, किंवा घालणाऱ्याच्या तोंडून तशी आज्ञा निघाली, की त्या जागी चिमटा बसे. दोनतीन महिन्यांत मेंदू दट्ट्ये विसरून जाई आणि जिभेला दात कळतात तशी विमानं कळू लागत. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी हुशार मंडळी इथं सपशेल आपटली, कारण ती विचार करत बसली. कुस्तीगिरांच्या अंगाला धरपकडीची भाषा आधीच येत होती.

कारखान्यातून बंडी यायची तेव्हा तिच्या चिमट्याचा आकडा तीनपर्यंतच चढायचा. ती मर्यादा काढून नऊपर्यंत नेली ती फिलोमिना डाबरे यांनी. आणि पोरांनी कळवळून मधेच काढून टाकू नये म्हणून बंदही पाठीमागे बसवून घेतले, सहा बकलं. वसईची ही बाई, वय पंचावन्न, आवाज खणखणीत. बारा वर्षांपूर्वी जुन्या पडद्यावर काम करत असताना त्यांच्या हद्दीत दोन विमानं एकमेकांवर आदळली होती.

"मी तेव्हा चहाचा घोट घेत होते," त्यांनी वर्गात एकदा सांगितलं. "दोनशे सहा माणसं जळाली आणि मला साधं टोचलंसुद्धा नाही. तुम्हाला टोचेल. दुखलेलं मेंदू कधी विसरत नाही."

पोरं रोज मार खात राहिली. संध्याकाळी आरशासमोर एकमेकांच्या पाठीवरचे काळेनिळे डाग बघायची आणि कुठल्या डागात किती माणसं गेली ते सांगायची.

संयोगिता सगळ्यांत जास्त मार खायची, आणि का, ते तिलाच कळत नव्हतं. चिमटा बसला की बाकीचे विमानं लांब पळवायचे. हिच्या तोंडून मात्र उलटीच आज्ञा निघे. समोरून दुसरं येतंय, आणि ही आपलं विमान त्याच्या नाकासमोरून आत घालायची! तिसऱ्या महिन्यात तर हद्दच झाली. सरावात दोन विमानं काटकोनात येत होती, वेळ भरपूर होता, आणि हिनं डावीकडचं थेट उजवीकडच्याच्या पुढ्यात घातलं. बंडी नऊवर गेली. संयोगिता खाली पडली, तोंडाला रक्त, जीभ चावलेली.

"पुढच्या शुक्रवारच्या चाचणीत असंच केलंस तर सामान बांध," मॅडम तिच्यावर वाकून म्हणाल्या.

तिनं सुजल्या जिभेनं आप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आप्पांनी तिला कुठलं विमान कुठं घातलं ते पुन्हा सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, "आगं येडे, तू कुस्ती खेळायलीस."

"म्हंजे?"

"कुनी धरलं की आत शिरायचं, ह्ये मीच शिकवलंय तुला. अंगावर आलेल्याच्या अंगात शिरायचं. पर हितं तू पैलवान न्हाईस, पंच हायस. दोन पैलवान भिडल्यात आन् कुस्ती सोडवायचीय. पंच काय कुनाचं पाय धराया पटात घुसतो व्हय? त्यो मधी हात घालतो आन् येकेकाला मागनं काढतो. बग आता."

लाख रुपयांची गोष्ट. शुक्रवारी तिला सात चिमटे बसले आणि सातही तिनं सोडवले. नाकासमोरून नाही, दर वेळी शेपटीमागून. डाबरे मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि पहिल्यांदाच तिला "बस" म्हणायच्या ऐवजी "जेवून ये" म्हणाल्या.

तिथून ती सुटलीच. सहाव्या महिन्यात बंडी तिला क्वचितच मारायची, कारण चिमटा बसायच्या आधीच तिचं तोंड उघडलेलं असायचं. आठांतली पाच जणं घरी गेली, तिघं राहिली, आणि त्या तिघांत ही पहिली.

पण बंडी उतरवली तरी अंगावरून उतरेना. जेवणघरात दोन माणसं समोरासमोरून आली तरी तिच्या बरगडीत कळ उठे. मागून कुणाची पावलं जवळ आली की पाठ पेटे. एकदा खोलीतल्या मैत्रिणीनं उठवायला तिच्या खांद्याला मागून हात लावला, तर संयोगितानं तिला कपाटावर फेकली. ती जागीसुद्धा नव्हती! मैत्रिणीचं कॉलरबोन मोडलं. प्रशिक्षण केंद्राच्या डॉक्टरांनी एक कागद सगळीकडे चिकटवला: बंडीधारकांना मागून स्पर्श करू नये. डॉक्टर तिला एवढंच म्हणाले, की मेंदूनं अंगाचा नकाशा वाढवून घेतलाय. आता जे जे जवळ येईल ते त्याला धडकच वाटणार, आणि धडक म्हणजे दुखणं. बंडी सुटली तर सहाएक महिन्यांत उतरेल. घालत राहिली तर नाही.

"परवाना मिळाला की बघू," ती म्हणाली. माणूस असंच म्हणतो.

परवान्याची शेवटची परीक्षा म्हणजे संगणकाला नुसतं बघत ठेवून खऱ्या विमानांच्या आभाळावर बसायचं. तिच्या आदल्या आठवड्यात आप्पा तिला न कळवता केंद्रात आले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला फेटा, पिशवीत खारकांचे लाडू. फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं, पण भिंतीवरचा कागद वाचायला काही सांगितलं नाही. अंगणात संयोगिता त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. आता तालमीतली एक रीत असते. पोरानं चांगली कुस्ती केली की वस्ताद तोंडानं काही बोलत नाही. मागून येतो आणि पाठीवर जोरात थाप हाणतो. संयोगितानं आठव्या वर्षी ती थाप पहिल्यांदा खाल्ली होती, आणि त्या थापेसाठी तिनं आख्खं बालपण घाम गाळला होता.

आप्पा मागून आले आणि थाप हाणली.

पुढचं एका श्वासात झालं. तिनं तो हात मनगटापाशी धरला, कंबर खाली घेतली आणि धोबीपछाड मारली. फेटा एकीकडे, माणूस दुसरीकडे. फरशीवर हाड मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. आणि तिचा गुडघा त्यांच्या छातीवर होता, मूठ वर उचललेली होती. त्या मुठीखालचं तोंड कुणाचं आहे हे तिला तेव्हा कुठं दिसलं.

"आप्पा!"

"आगाई गं..." आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तशातही ते म्हणाले, "डाव... चोख हुता."

ती तिथंच लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. लाडू सगळ्या अंगणात गडगडले होते.

खुब्याचं हाड गेलं होतं. इस्पितळात आप्पांना शुद्ध आली तेव्हा ती पलंगाच्या पायथ्याशी, चार हात लांब उभी होती. जवळ जायला तिला स्वतःचीच भीती वाटत होती. आप्पांनी नेहमीसारखा तिच्याकडे हात केला, आणि मधेच, अगदी थोडासा, मागे घेतला. कदाचित त्यांनाही कळलं नसेल. तिला कळलं. नऊच्या चिमट्यानं झालं नव्हतं तेवढं त्या मागे गेलेल्या हातानं झालं. आयुष्यात या माणसानं कुणाला भिऊन हात आखडला नव्हता, आणि आखडला तो पोटच्या पोरीपुढं.

"मी सोडते हे," ती म्हणाली.

"अर्ध्यावरनं आखाडा सोडायची रीत न्हाई आपल्यात. परीक्षा दे. मग काय सोडायचं ते सोड."

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला ती खऱ्या आभाळावर बसली. या लोकांची एक जुनी चाल आहे. आधीचा नियंत्रक उठताना नव्याच्या खांद्यावर हात ठेवून "ताबा तुझा" म्हणतो, आणि लगेच निघून जात नाही. दहा मिनिटं मागे उभा राहतो, म्हणजे नव्याचं काही चुकलं तर दुसरे दोन डोळे असतात. संयोगिताच्या खांद्यावर मात्र कुणी हात ठेवला नाही. डाबरे मॅडम दोन पावलं लांबूनच "ताबा तुझा" म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. समोर जुन्या रडारचा पडदा होता. तो आता कायद्यापुरता लावून ठेवत, त्याच्याकडे कुणी बघत नसे.

सातव्या मिनिटाला तिच्या डाव्या बरगडीत चिमटा बसला. दक्षिणेला, गरुड सत्तर हे प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान, एकाच उंचीवर. सोपं होतं, गरुडला डावीकडे वळवायचं आणि खाली न्यायचं. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कानात दुसऱ्याच एका वैमानिकाचा आवाज आला. हे लोक इंग्रजीत बोलतात, आपण मराठीत ऐकू.

"वारा चारशे बारा बोलतोय. समोर काहीतरी चमकतंय. विमान आहे. आमच्याच उंचीवर आहे!"

वारा चारशे बारा पार उत्तरेला होतं. तिथं तिच्या अंगावर एकच दाब होता, एकटा, शांत. तिनं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर दक्षिणेत फक्त मालवाहू विमान होतं. गरुड उत्तरेला होतं, वाराच्या बरोबर समोर, नाकासमोर नाक.

झालं होतं ते असं. बंडीला विमानांची जागा विमानंच कळवायची, उपग्रहांवरून मोजून. जमिनीवरून कुणीतरी खोटे उपग्रह-संकेत सोडले होते. ते कोण, हे पुढेही सापडलं नाही. संगणक फसला, विमानांतली धोक्याची घंटा त्याच संकेतांवर चालायची म्हणून तीही फसली, आणि बंडीही फसली. जुनं रडार मात्र कुणाला विचारत नाही. आपली लहर सोडतं आणि विमानाला आपटून आली की मोजतं. पडदा खरं सांगत होता आणि अंग खोटं. दोन्ही विमानांत मिळून तीनशे एकोणचाळीस माणसं होती आणि पन्नास सेकंद होते.

गरुडला उजवीकडे वळव, वर चढव. तिला स्वच्छ कळत होतं. तिनं "गरुड सत्तर, उजवी..." म्हटलं आणि बंडी नऊवर गेली. बंडीच्या हिशेबानं ती गरुडला धडकेत घालत होती ना! सगळी डावी बरगडी पेटली. तिनं पुन्हा तोंड उघडलं, पण जीभ हलेना. सात महिने मार खाऊन शिकलेली जीभ होती ती, दुखतं ते बोलायचं नाही एवढंच तिला ठाऊक. बोलायला जावं, तर तोंडाशी "डावीकडे" येई. तिनं दात आवळले. "डावीकडे" हा शब्द बाहेर पडला असता तर वेळच गेली असती, आणि माणसंही.

"मॅडम," ती दातांतून ओरडली, "बंडी काढा! बंडी!"

बोलायचा माईक एकच होता, संयोगिताच्या डोक्याला पक्का बांधलेला, आणि बकलं पाठीमागे होती. ती कुणी बसवली होती, हे मॅडमना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि मागून हात लावला की ही पोरगी काय करते, तेही साऱ्या केंद्राला माहीत होतं.

डाबरे मॅडम दोन पावलं पुढे आल्या.

संयोगितानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, पाय खुर्चीच्या दांडीत अडकवले. "धरलंय मी, धरलंय," ती पुटपुटत होती. पहिलं बकल सुटलं. दुसऱ्याला उजवा हात टेबलावरून आपसूक सुटला आणि कोपर मागे गेलं. मॅडमच्या नाकाचं हाड मोडलेलं तिला कोपरात जाणवलं. मॅडम हलल्या नाहीत. तिसरं. चौथ्याला कोपर पुन्हा गेलं, या खेपेला तोंडावर. रक्त संयोगिताच्या मानेवर उडालं, गरम. ती रडत होती, शिव्या देत होती, "लांब व्हा, मॅडम, मरशाल," म्हणत होती, आणि हात काही थांबत नव्हता. पाचवं. सहावं बकल मॅडमनी दोन्ही हातांनी ओढून तोडलं आणि बंडी तिच्या अंगावरून फाडल्यासारखी खेचून काढली.

अंग एकदम रिकामं झालं. समोर पडदा होता आणि त्यावर दोन ठिपके जवळजवळ चिकटलेले.

"गरुड सत्तर, लगेच उजवीकडे वळा, वर चढा! वारा चारशे बारा, लगेच उजवीकडे, खाली उतरा! आत्ता!"

दोन्ही वैमानिकांनी आज्ञा परत म्हणून दाखवल्या. मग वाराच्या वैमानिकाचा आवाज: "गेलं. वरून गेलं. त्याच्या खिडक्या दिसल्या आम्हाला."

आणखी बावीस मिनिटं तिनं सगळं आभाळ नुसत्या डोळ्यांनी सांभाळलं, दुसरा माणूस येईपर्यंत. मागे फरशीवर डाबरे मॅडम बसल्या होत्या, ओंजळीत दोन दात घेऊन, पडद्यावरची नजर न काढता.

चौकशी झाली. मर्यादा मीच काढली, बकलं मीच मागे नेली, असं मॅडमनी स्वतःच लिहून दिलं आणि त्या नोकरी सोडून गेल्या. समितीनं संयोगिताला विचारलं, तुझा परवाना पक्का आहे, बंडी आम्ही दुरुस्त करतो, बसशील?

"पडद्यावर बसेन," ती म्हणाली. "बंडी नको."

"मग जुना अभ्यासक्रम. दोन वर्षं. पहिल्यापासून."

"चालतंय."

सहा महिन्यांनी ती सुट्टीत घरी आली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून अंग निवल्याचं सांगितलं होतं. जेवणाच्या पंगतीत कळ उठत नव्हती, मागची पावलं नुसती पावलं झाली होती. ती तालमीच्या ओट्यावर बसून पहिल्या परीक्षेचे गुण वाचून दाखवत होती. शंभरात एक्याण्णव. आतल्या पोरी ऐकत होत्या. तिच्या मागे काठीचा आवाज झाला, टक्, टक्, आणि लांबच थांबला.

आप्पा गावात कुणाच्या घरी जाताना दार वाजवत नसत. खोकतसुद्धा नसत. सरळ आत जाऊन बसत. त्या आप्पांचा आवाज मागून आला, हळू, विचारल्यासारखा.

"संयू. मागनं येतूय बरं का मी."

तिनं मान वळवली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि समोर बघत म्हणाली, "या आप्पा. वाट मोकळी हाय."

काठी पुन्हा टकटकली. मग पाठीवर थाप पडली. तिचे हात मांडीखाली होते तिथंच राहिले. थाप पूर्वीपेक्षा बरीच हलकी होती.

"जोरात हाणा," ती म्हणाली.